वर बघणारी

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर परदेशात, लेकीच्या ड्रोहेडा शहरातल्या हॉस्पिटलात माझी एकच परीक्षा होती: दहा पायऱ्या चढले तर लेकीच्या घरी, नाहीतर तिथेच मुक्काम. कोरोनामुळे भेटायलाही कुणाला सोडत नव्हते. आधाराला एक नेपाळी मदतनीस होता. मास्कवर नुसते हसरे डोळे. हिंदीत म्हणाला, गाव घांद्रुक, नेपाळच्या डोंगरातलं, ट्रेकर येतात ते.

"अरे, पंचविशीत आलेय मी तिथे! तुमच्या दगडी पायऱ्या धावत चढले."

"आणि उतरलात कशा?"

"खेचरावर."

तेव्हाची मी म्हणजे बूट नवे आणि अक्कल पुण्यातच राहिलेली.

मी वरच्या दहाव्या पायरीकडे बघत चढू लागले. त्यांच्या भाषेत आई म्हणत तो म्हणाला, "आमा, चढताना वर बघतात ते ट्रेकर. आम्ही फक्त पुढची पायरी बघतो."

मी मान खाली घातली आणि चढत राहिले. शेवटी तोच ओरडला, "आमा, थांबा! पुढे भिंत आहे!"