सुकलालने मायक्रोस्कोपला डोळा लावला तेव्हा

स्वातंत्र्याच्या थोडं आधी, ऐन थंडीत, नंदुरबारच्या एका छोट्या दवाखान्यात मी शिकाऊ नर्स म्हणून नुकतीच लागले होते... आता नव्वदी कधीच ओलांडलीय, त्यामुळे मी बोलतेय आणि नातसून टाइप करतेय. विषय ऐकून ती आधी लाजली, मग म्हणाली, आजी, सांगाच!

जवळच्या कोरीट गावची एक सासू आपल्या सुनेला बैलगाडीतून घेऊन आली. सून जिजा, सातवा महिना लागलेला. अंगावरून पिवळट, फेसाळ जायचं, खाज आणि आग इतकी की बिचारीला धड बसवत नव्हतं.

आमच्या डॉक्टरबाईंना लगेच शंका आली. डोळ्याला न दिसणारा एक परजीवी असतो, नवराबायकोच्या संबंधातून एकाकडून दुसऱ्याकडे जातो, हा त्याचाच उद्योग असणार. थेंब काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली धरला... तर काहीच नाही!

विचारल्यावर कारण कळलं. डॉक्टरबाईंकडे जायचं म्हणून सासूने सुनेला कडुलिंबाच्या पाण्याने आतूनबाहेरून लख्ख धुऊन आणलं होतं, देवळात न्यावं तसं! बाईंनी कपाळाला हात लावला. पुढच्या वेळी आंघोळ न करता यायचं, नवऱ्यालाही आणायचं आणि त्याने सकाळची पहिली लघवी इथे येऊनच करायची, असं बजावलं.

"आंग न धोता दवाखानामा? लोके काय म्हनतीन, बाई?" सासूबाई पार हादरल्या.

काही दिवसांनी तिघं आली. गाडीत जिजाचं कपड्यांचं गाठोडंही होतं. नवरा सुकलाल, सुगी संपली की सुरतेला गिरणीत कामाला जायचा. बायकोला असला रोग कुठून आला, एवढंच त्याच्या डोक्यात. तिला दवाखान्यातून थेट माहेरी सोडायचं आणि तिला नांदवायचं नाही, पोटातल्या बाळालाही आपलं म्हणायचं नाही, असं त्याने ठरवूनच टाकलं होतं.

जिजा खाली मान घालून बसलेली.

या वेळी थेंब घेतल्याबरोबर बाईंनी काच माझ्या तळहातावर ठेवली. थेंब गार झाला की ते जीव हलायचे थांबतात, मग ओळखू येत नाहीत, म्हणून हाताची ऊब द्यायची. बाईंनी खालचा आरसा उन्हाकडे वळवला, आधी स्वतः पाहिलं, मग मला म्हणाल्या, बघ. मी डोळा लावला आणि अंगावर काटा आला!

लसणाच्या पाकळीच्या आकाराचे इवलेसे जीव. पुढच्या टोकाला केसाहून बारीक शेपट्या... त्या फटकारत, गिरक्या घेत, एकमेकांना धडका देत चाललेले. किळस यायला हवी होती, पण खरं सांगते, मी हरखून गेले. देवाने हेही घडवलंय, आणि इतकं नीट घडवलंय!

बाईंनी सुकलालला आत बोलावलं. "हाई काय शे, बाई? हाई तं नाची ऱ्हायनं!" म्हणत तो काही डोळा काढेना. बायकोला दोष द्यायला आलेला माणूस, पण लहान पोरासारखा बघत राहिला.

मग त्याची लघवी काचेच्या नळीत घेऊन ती हाताने फिरवायच्या यंत्रात घालून बाईंनी माझ्याकडून गरगर फिरवून घेतली. तळाचा गाळ काचेवर घेतला, बराच वेळ शोधलं... आणि त्याच्यासाठी बाजूला झाल्या.

त्याने पाहिलं. थोडेच होते, पण तेच जीव, तशाच गिरक्या.

"मले तं काहीच व्हत नई..." तो पुटपुटला. बाई म्हणाल्या, पुरुषांना बहुतेकदा काही जाणवतच नाही. कोणाकडून कोणाला गेलं ते ही काच सांगत नाही. औषधपाणी आणि पथ्य मात्र दोघांनाही.

सुरतेबद्दल त्याला कोणी चकार शब्द विचारला नाही. तो गप्प बसला असता तर आम्हीही गप्पच बसलो असतो.

बाहेर व्हरांड्यात बायांची गर्दी, त्यातच सासू आणि जिजा. सासूने विचारलं, काय निंघनं?

"माय, मन्हामाबी शे." तो आईला म्हणाला. "सुरतथीन मीच लई उनू. तिले कोनी काही बोलानं नई."

सुरतेहून हा रोग मीच घेऊन आलो, असं तो सगळ्यांसमोर सांगत होता. जिजाने पहिल्यांदा मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं आणि हमसून हमसून रडायला लागली.

तेव्हा आजच्यासारख्या साध्या गोळ्या नव्हत्या. बाई योनीत औषधाची वडी ठेवायच्या आणि नवऱ्याला दूर राहायला सांगायच्या, तेही त्याने पाळलं. जिजाला दिवस भरून मुलगी झाली, कोरीटलाच, आपल्या घरी.

चूक त्याची होती, त्याने काही उपकार केले नाहीत, हे मला कळतं हो! ते नाचरे जीव मी पुढे नोकरीभर पाहिले आणि दर वेळी तितकीच चकित झाले. पण भरल्या व्हरांड्यात, आईसमोर, असं बोलणारा नवरा मला पुन्हा कधी दिसला नाही... एकदा तरी बघायला मिळाला, हे माझं भाग्यच म्हणायचं.