कावळ्याला उद्याची सुट्टी

चांगली कायमची नोकरी सोडून एक माणूस रामकुंडाच्या पायरीवर चपला उशाला घेऊन दिवसभर लोळायचा, असं चहावाल्याने सांगितलं.

बाबांचा दहावा होता. कावळा पिंडाला शिवत नव्हता. आईला सांभाळू, बहिणीचं लग्न करू, सगळी वचनं देऊन झाली.

पायरीवरचा तो माणूस कुशीवर वळून म्हणाला, “नोकरदार होते ना? मग उद्या ड्युटी नाय, असं सांगा की.”

काकांनी डोळे वटारले. मी मात्र हात जोडून म्हणालो, “बाबा, उद्या ड्युटी नाही.”

कावळ्याने पिंडावर झडपच घातली.

त्या माणसाने निवांत जांभई दिली. “तुमची रजा कधीपर्यंत हाय?”

“उद्या कामावर जायचंय.”

“मग तुमच्या वेळी,” तो डोळे मिटत म्हणाला, “कावळा उपाशी मरणार.”