सदाशिव पेठेखालची अभ्यासिका

लोणी काळभोरहून पुण्याला जाणं म्हणजे काय प्रवास झाला, असं आमच्या वर्गातली मुलं म्हणतील. बसमध्ये चढायचं, हडपसरला चेंगरायचं आणि स्वारगेटला उतरायचं. पण मी गेले ते त्याच्याही पलीकडे, आणि त्या ठिकाणाचं नाव कुठल्याच बसच्या पाटीवर नाही. म्हणून लिहून ठेवते आहे.

माझी कोमलताई तीन वर्षांपूर्वी सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला गेली. जाताना सगळ्या आळीसमोर म्हणाली, "सरकारी नोकरीची पोस्ट निघाल्याबिगर घरी यायची न्हाई." दोनदा तिची पोस्ट थोडक्यात हुकली. मग ती सणाला येईना, आणि श्रावणापासून तिचा फोनही लागेना. आप्पा ती अभ्यासाला बसायची त्या अभ्यासिकेपर्यंत जाऊन आले, तर त्यांना दारातूनच सांगितलं, "या नावाचं इथे कोणी नाही." त्या दिवशी आप्पा जेवले नाहीत. रविवारी आईने माझ्या हातात डबा आणि पत्त्याचा कागद दिला. "मोठ्या माणसाला दारातनं घालवत्यात. तू बारकी हाईस, शिर आत. ताईला घिऊन ये." मी तेरा वर्षांची होते. बारकी म्हटल्याचा राग आला, पण वेळ रागवायची नव्हती.

पेठेत पोचले तेव्हा दीड वाजला होता. दुकानांची शटर खाली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. कुत्रीसुद्धा शिस्तीत सावलीला झोपलेली. एक आजोबा फाटकाला कडी घालत होते.

"आजोबा, ही अभ्यासिका कुठाय?"

"कुठली? इथे बिऱ्हाडांपेक्षा अभ्यासिका जास्त झाल्या आहेत."

मी कागद दाखवला. तो वाचून त्यांनी आवाज खाली आणला. "हा पत्ता जमिनीखाली आहे. चार वाजता पेठ जागी झाली की ते दार मिटतं. आपण जाऊ नये. गेलातच तर पायातली चप्पल काढू नये."

"का?"

"ते वर येऊन सांगणारं कोणी मला अजून भेटलेलं नाही," असं म्हणून ते आत गेले.

दोन इमारतींच्या मधल्या बोळात जिना सापडला. वर पाटी होती: 'चपला बाहेर काढाव्यात. परत मिळतील अशी अपेक्षा ठेवू नये.' एरवी मी हसले असते. मी चपला पायातच ठेवून उतरू लागले. पायऱ्या संपेचनात. दोन्ही बाजूंना चपलांचे ढीग होते, शेकडो जोड, आणि सगळ्यांचा रंग उडून राखेसारखा झालेला.

खाली एक लांबच लांब खोली होती. फळ्यांनी आखलेल्या खुराड्यांमध्ये मुलंमुली मान खाली घालून बसली होती. पंखा नव्हता, खोकला नव्हता. मधूनच सगळ्यांची पानं एकदम उलटायची, सर्रकन.

मी प्रत्येक खुराड्यात डोकावत गेले. भिंतीजवळ ताई दिसली. मला रडू फुटलं. "ताये!" तिने मान वर केली.

"आपण कोण?" तिने विचारलं.

जिने जन्मात मला 'ए भवाने'शिवाय हाक मारली नाही, तिने मला आपण म्हटलं. मी खरी घाबरले ती तेव्हा. घाईघाईने डबा उघडला. भाकरी, ठेचा, आईच्या हातचं पिठलं. ताईने पान उलटलं.

"डब्याने उठत नाहीत ती," मागून आवाज आला. एक बाई वही घेऊन उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पाहिला की लगेच विसरायला होत होता. "आम्ही धरून ठेवत नाही कोणाला. स्वतःच्या चपला पायात आल्या की जाता येतं. पण आपल्या कुठल्या, हे इथे कोणाला आठवत नाही. तुला ओळखता येत असतील तर आण. चुकीचा जोड आणलास तर तूही बस. जागा आहे."

मी जिन्याकडे धावले. डोळ्यांनी ओळखायची सोयच नव्हती. पण लहानपणापासून मी ताईच्याच उतरलेल्या चपला वापरत आले आहे. नव्या कधी मिळाल्या नाहीत, म्हणून दरवर्षी भोकाड पसरलं आहे. तिच्या चपलांचे खड्डे माझ्या पायांना पाठ होते. आजोबांचं सांगणं मोडून मी माझ्या चपला काढल्या आणि एकेका जोडात पाय घालू लागले.

परक्या चपलेत पाय गेला की परकं घर आठवायचं. एकीत तळव्यांना भाताच्या खाचरातला चिखल लागला. एकीत कोणाची तरी आई जेवायला हाक मारत होती, आणि मला उत्तर द्यावंसं वाटत होतं. मग एका जोडात डावा अंगठा खोल रुतला, उजवी टाच बाहेरून झिजलेली लागली, आणि माझे पाय आपोआप जागेवर बसले. तोवर माझ्या चपला करड्या पडू लागल्या होत्या. डावी हाताला लागली, ती पायात चढवली. उजवी ढिगात सरकली ती सरकलीच.

मी ताईच्या पायांशी बसून तिला चपला चढवल्या. तिने पाय मागे ओढला.

"ए भवाने," ती पुटपुटली. "पोस्ट न्हाई निघाली गं."

"ठावं हाय."

"मग कशाला आलीस?"

"तुला न्यायला."

"अशीच?"

"अशीच. ऊठ की आता!"

आम्ही जिना चढलो तेव्हा वर कुठेतरी पहिलं शटर खडखडत उघडत होतं. मागे वळून पाहिलं, तर बोळात नुसती भिंत होती. बसमध्ये ताईने अख्खा डबा संपवला, मला चतकोरसुद्धा ठेवला नाही. माझ्या उजव्या पायाला दुपारी अजूनही गार लागतं.

आळीत शिरताच शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय साहेबीणबाई, झाली का पोस्ट?"

"न्हाई झाली, काकू," ताई म्हणाली. "घरी आलीया."

ती घरी आली, एवढं मला पुरे आहे. पण पाय घालून पाहिलेले बाकीचे जोड डोक्यातून जात नाहीत. एक तुटक्या पट्ट्याचा होता, अंगठ्याशी सेफ्टी पिन लावलेला. एक मोठ्या मापाचा, पुरुषी, टाचेला टायरचा तुकडा ठोकलेला. त्यात कापसाच्या रानाचा वास होता. ओळखीचे वाटत असतील तर फोन लावत बसू नका. चार वाजायच्या आत कोणीतरी जा.