सुकेळीचं पदक

वसईतल्या आमच्या जुन्या घराच्या ओटीवर काचेच्या दारांचं शिसवी कपाट आहे. त्यात पणजोबांचा चांदीचा क्रूस, आजोबांची क्लॅरिनेट आणि निळ्या फितीचं एक पदक. शेतमालाच्या प्रदर्शनात आमच्या घरच्या सुकेळीला मिळालेलं. सोबतच्या कागदावर नाव काकांचं, कारण अर्ज त्यांनी भरला होता.

सुकेळी आईनं केली होती. पिकलेली राजेळी केळी सोलून चटईवर मांडायची, सात दिवस ऊन द्यायचं, संध्याकाळी आत घ्यायची, सकाळी पुन्हा बाहेर. काकांनी त्यातलं एक केळं उलटवलं असेल तर शपथ. बाबा लवकर गेले, आई मागच्या दोन खोल्यांत राहिली आणि तोंड उघडलं नाही. मी मात्र हे लहानपणापासून दाताखाली धरून ठेवलं.

हल्ली जुनी घरं बघायला रविवारी मुंबईहून लोक येतात. काका कपाट उघडायचे, पदक त्यांच्या हातात द्यायचे, वर आईच्या हातची सुकेळी खिलवायचे. गेल्या वर्षी आईचा हात दुखत होता, म्हणून मी नायगावच्या फ्लॅटवरून येऊन सुकेळी घातली. आणि तिसऱ्याच दिवशी उचलून पानांत बांधली. मुद्दाम. चारचौघांत त्यांची जिरवायची होती.

पाहुण्यांनी चावा घेतला. आतून ओली, आंबट. एक बाई हळूच म्हणाल्या, "पदक मिळालं ते हिलाच?"

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. पण काका गडबडले नाहीत. हसून म्हणाले, "ही वहिनीनं केलीय हो. वय झालं तिचं, आता जमत नाय."

इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा आईला सुकेळीचं श्रेय दिलं, ते नासलेल्या सुकेळीचं. आई चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती.

माझं डोकं फिरलं. "ही मी केलीय काका, मुद्दाम बिघडवून," मी सगळ्यांसमोर म्हणाले. "पदकाची आईनं केली होती. तुम्हाला तर किती दिवस ऊन द्यायचं तेही ठाऊक नाही. सांगा बघू."

काकांनी पाहुण्यांच्या हातातलं पदक काढून घेतलं, कपाटात ठेवलं आणि किल्ली खिशात टाकली.

आईनं ट्रे ठेवला, एक सुकेळं मोडून पाहिलं. "पानी राह्यलंय आत," ती मला म्हणाली. "एवढी चांगली केळी वाया घालवलीस."

त्यानंतर काकांनी कपाट कोणासाठी उघडलं नाही. काचेवर आतून पडदा लावलाय. त्यांची जिरली, याचं मला अजूनही बरं वाटतं. फक्त ते पदक आईनं आजवर हातात धरलेलं नाही, आणि पूर्वी ट्रे घेऊन येता-जाता तिला ते दिसायचं तरी.