दोरा जुळवणाऱ्या मावशीची बाग

माझी मावशी शिवणसामानाच्या दुकानात काउंटरवर असायची आणि तिच्यापुढे गिऱ्हाइकाचं काही चालत नसे. कापडाचा तुकडा घेऊन ती दारात यायची, उन्हात धरायची आणि आत जाऊन त्याच रंगाच्या दोऱ्याचं नेमकं एक रीळ उचलायची. "जरा गडद दाखवा ना," कुणी म्हणालं, की मावशीचं उत्तर ठरलेलं. "शिवून बघा. टाका सापडला तर रीळ परत आणा." रीळ कधी परत आलं नाही. तिला याचा गर्व होता, आणि मला विचाराल तर तो तिला शोभायचाही.

काका, म्हणजे तिचे यजमान, जन्मभर ट्रक चालवत होते. निवृत्त झाले आणि डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली. मोठे, ठळक आकार दिसायचे; बाकी सगळं एकमेकांत मिसळून जायचं. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, हे वाढतच जाणार. हिवाळ्यात अंगणात उतरताना पायरी चुकली आणि मनगट प्लास्टरमध्ये गेलं. त्यांचा मुलगा, आमचा दादा, धावत आला. "पुरे झालं आता. दोघंही माझ्याकडे चला."

दादाचं घर चौथ्या मजल्यावर. काकांचा जीव मात्र फाटकाजवळच्या बाकात. पडेपर्यंतचा नेम हाच, रोज सकाळी एकट्याने तिथवर जायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचा उद्धार करायचा. "आवाज ऐक. क्लच कशाशी खातात ते माहीत नाही याला!" चौथ्या मजल्यावर हा माणूस कुणाला नावं ठेवणार होता?

"वसंत संपेपर्यंत थांब," मावशी दादाला म्हणाली. "तोवर तुझे बाबा एकटे फाटकापर्यंत गेले नाहीत, तर मीच सामान बांधते."

शब्द देऊन बसली खरी. मग मला घेऊन नर्सरीत गेली. पायवाटेच्या दोन्ही अंगांना रंगाच्या ठळक कडा लावायच्या, असा तिचा बेत. नर्सरीवाला फुलं दाखवायला लागला, तर म्हणाली, "फुलं चार दिवसांची पाहुणी. मला पानं दाखवा, रंगीत." आणि प्रत्येक कुंडी तिने बाहेर उन्हात नेऊन पाहिली. कुंड्या उचलायला अर्थातच मी.

काम फार देखणं झालं. विटांच्या पायवाटेला लागून विटकरी पानांचं कोलियस, त्यामागे तांबूस, त्यामागे किरमिजी. एक रंग कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, कळू नये. शेजारणी कुंपणावरून वाकून बघायला लागल्या. मीही तोंडभरून कौतुक केलं.

काका दारात आले, चौकट धरून उभे राहिले. "मातीचा वास छान येतोय गं. लावणार कधी आहेस?"

मावशीचा चेहरा पार उतरला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. कडा दाखवायला निघालेल्या बाईच्या हातांनी सवयीने कडा लपवून टाकल्या होत्या. मला भयंकर वाईट वाटलं. ती मात्र थोडा वेळ पायरीवर बसली आणि मग खुरपं मागितलं.

"आता गं काय?" मी विचारलं.

"जन्मभर टाका लपवला. आता दाखवायचा. ऊठ, बसून काय राहिलीस!"

सगळं उपटलं. या वेळी तिने जे जे एकमेकांशी पटणार नाही, ते शेजारी आणून बसवलं. पायरीच्या कडेला आणि पायवाटेच्या दोन्ही अंगांना डस्टी मिलर, म्हणजे राख फासल्यासारखी पांढरट पानं. त्यांच्यामागे जवळजवळ काळं दिसणारं जांभळं कोलियस, पांढरं उठून दिसावं म्हणून. नळापाशी वाट वळते, तिथे डोळ्यांत भरणारं पोपटी-पिवळं. भिंतीच्या सावलीत पांढऱ्या पानांचं कॅलेडियम. दर झाडाला काकांना दारात उभं करायची आणि ओरडायची, "दिसतंय?" काका "नाही" म्हणाले की झाड हललं. "तिथे कुणीतरी पिवळा दिवा लावलाय," असं ते वळणाबद्दल म्हणाले, तेव्हा ती कमरेवर हात ठेवून हसली. शेजारणींना मात्र बाग मुळीच आवडली नाही. फार भडक झाली, म्हणाल्या. मावशीने सरळ कानाडोळा केला.

पानं दाट झाली आणि दादा आला. फाटकाशी गाडी थांबली तसे काका उठले. मावशीचा हात त्यांच्या कोपराकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला. काका पायरी उतरले, पांढऱ्या पानांच्या मधून नळापर्यंत गेले, पिवळ्यापाशी वळले आणि कडी काढून फाटक उघडलं. "गिअर फार उशिरा टाकतोस तू," ते मुलाला म्हणाले.

दादाला हसू आलं, पण तो हट्टाने बापावर गेलेला. "बाबा, मी खोलीला रंगही देऊन ठेवलाय. आणि थंडीत ही पानं गळणारच की."

"गळतील," काका म्हणाले.

"आणि डॉक्टर म्हणाले तसं... एक दिवस हा रंगही दिसला नाही तर?"

मावशीने मान वळवली. हे वाक्य घरात आजवर कुणी उच्चारलं नव्हतं.

काका बाकावर बसले, अगदी आरामात. "म्हणून तर रोज चारदा चालतोय. डोळे पुरते जायच्या आत पायांना पाठ झालं पाहिजे."

दादा बापाशेजारी बसला, आणि आईकडे बघून म्हणाला, "सामान राहू दे."