आबांच्या गाडीची कूलिंग कॉइल

माझ्या हातात पाना दिसला की बायको आधी लाईटचं मेन बटण बंद करते. एवढा माझा लौकिक.

गेल्या उन्हाळ्यात आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, यवतच्या आत्याला भेटायचा धोशा लावला. आत्या त्यांची थोरली बहीण. तिनं जेवण सोडलंय, असे फोन येत होते. आबांना दमा, जरा ऊन लागलं की धाप. भाच्याची नवी गार गाडी आणतो म्हटलं, तर म्हणाले, "तिच्या दारात दुसऱ्याच्या गाडीतनं उतरू व्हय मी?"

त्यांची स्वतःची म्हणजे जुनी, लांबलचक पांढरी गाडी. वर्षानुवर्षं कांद्याच्या चाळीला लागून उभी. एसी लावला तर म्हातारीनं चहावर फुंकर घालावी तेवढा वारा. मी डॅशबोर्डखालचं झाकण उघडलं. हवा गार करणारी कूलिंग कॉइल आतच असते, बारीक पात्यांची जाळी. तिच्यावर कांद्याची टरफलं थापल्यासारखी बसलेली.

एवढंच ना, म्हणून मी डाळिंबावर फवारायचा पंप आणला आणि पुरा जोर सोडला. टरफलं गेली. पण वादळात गहू लोळावा तशी सगळी पातीही आडवी झाली. ती उभी करायला स्क्रूड्रायव्हर घातला, तर फुस्स! होता तो गॅसही गेला.

"झाली फवारणी?" बायको दारातून म्हणाली. "आता कीड न्हाई लागायची."

कारेगावच्या मेकॅनिकनं कॉइल बघून कपाळाला हात लावला. "दादा, ही गाडी बनायची बंद होऊन जमाना झाला. दुसऱ्या गाडीची कॉइल कापून-ठोकून बसवावी लागंल. बसली तर बसली."

मग त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये अख्खा डॅशबोर्ड बाहेर निघाला. रोज तापल्या पत्र्याखाली मी उजेडाला बॅटरी धरून बसायचो. कधी पाइप जुळेना, कधी गॅस टिकेना. दुपारी आबांचा फोन, "झालं का रं?" मी म्हणायचो, "आज होतंय." शेवटी शेवटी ते विचारायचेही नाहीत, नुसते फोनवर धापा टाकायचे. तिकडे आत्या पाण्यावर आली होती. आबांची भेट चुकली असती, तर ती माझ्या त्या पंपामुळं.

एकदाची गाडी गार झाली. त्याच दुपारी निघालो.

यवतला लाईट गेलेली. आत्या पत्र्याच्या खोलीत खाटेवर, अंगाचं पाणी पाणी. आबा उंबऱ्यातच दार धरून धापा टाकत उभे. म्हणाले, "अक्का, हिथं दोघंबी जाऊ. चल, गाडीत बस."

आतेभावानं आणि मी आत्याला उचलून मागच्या सीटवर बसवलं. शेजारी आबा. दारं लावली. काचेतून दिसत होतं, दोघं एकमेकांकडं न बघता बोलत होती. मध्येच आत्या बोट नाचवून आबांना काहीतरी सुनावत होती.

मी उन्हात बॉनेट उघडून उभा. इंजिन तापलं तर सगळंच संपलं. बऱ्याच वेळानं काटा बघायला ड्रायव्हरचं दार उघडलं.

"काय पाहिजे?" आबा.

"काटा बघतोय."

"भाईरनं बघ. दार लाव, गार जातंय म्हणती अक्का. आन् घरात सांग, अक्काला पेज पाहिजे."

मी दार लावलं आणि पेज सांगायला गेलो.