पक्कडची मूठ

पक्कडला राग यायला कारण लागत नसे. पण नळ टपकताना दिसला की रागाला कारणही मिळे. तो प्लंबर; हाताच्या पकडीवरून सगळे त्याला पक्कडच म्हणत. कुठल्याही घरी काम संपलं की शेवटचा पीळ हातानेच द्यायचा, आणि असा द्यायचा की मागून बायका ओरडत, "अहो, आम्हाला पाणी प्यायचंय, तिजोरी नाही ठेवायची." आपल्या घरात तर तो रोज सगळे नळ आवळत फिरे. बायको फडकं गुंडाळून, दातओठ खाऊन ते उघडायची.

त्या दिवशी पान्हा निसटला आणि बोट फाटलं. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात पट्टी बांधता बांधता डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पान्हा निसटला कसा?"

"तेल लागलं होतं."

"आणि मागच्या वेळी आलात तेव्हा?"

"तेव्हाही तेलच."

"तेलाचा भारी राग दिसतो तुमच्यावर," असं म्हणत बाईंनी एक दांड्याचं यंत्र त्याच्या बऱ्या हातात दिलं. "दाबा. जोर लावून."

त्याने असं दाबलं की मानेच्या शिरा फुगल्या. काटा जरासा हलला आणि अडला. बाईंनी पुन्हा दाबायला लावलं. काटा तिथेच.

"यावरून आजार आहेच असं नाही म्हणत मी," बाई म्हणाल्या. "पण तुमच्या वयात ज्यांची पकड एवढी कमी भरते, त्यांच्यात पुढे हृदयाचा त्रास, साखर, पडणं-मोडणं जास्त आढळतं. उद्या उपाशीपोटी या. रक्त बघू, छाती बघू."

"बोट बांधायला आलो होतो," पक्कड उठला. "तुम्ही काळजालाच हात घातलात. उद्या केस कापायला गेलो तर न्हावी किडन्या तपासेल."

घरी येऊन त्याने हे सगळं तावातावाने बायकोला ऐकवलं. यंत्राचा उद्धार झाला, यंत्र बनवणाऱ्याचा झाला, डॉक्टरीणबाईंच्या कॉलेजचा झाला. बायको हसेल, निदान "मेली ती" म्हणेल, म्हणून तो थांबला. ती धुतलेली ताटं पुन्हा धूत होती.

"बोल की काहीतरी."

"काय बोलू? जाऊन या उद्या."

"म्हणजे तुलाही वाटतं मी संपलो?"

"मी असं म्हटलं का?"

"सरक," तो म्हणाला. त्याने नळ बंद केला आणि बऱ्या हाताने आवळला. कपाळावर घाम येईपर्यंत आवळला. "आता उघड."

बायकोने त्याच्या तोंडाकडे एकदा पाहिलं. मग नळाला हात घातला, खांदा उचलला, डोळे मिटले. "नाही बाई. उघडतच नाही."

पक्कडने उभा जन्म हात आणि पाइप बघण्यात घालवला होता. जोर लावला की बोटांची टोकं पांढरी पडतात. हिची गुलाबीच होती.

"नाटक बंद कर."

"कसलं नाटक?"

"माझ्यासमोर कसलं नाटक करतेस? मी काय समजूत काढायला लहान पोर आहे?"

त्यासरशी तीही तापली. दोन बोटांनी तिने नळ फिरवला, आणि पाणी धो धो पडायला लागलं.

"हे घ्या. झालं समाधान? गेले कित्येक महिने असाच उघडतोय. फडकं लागत नाही मला. आधी बरं वाटलं, सुटले एकदाची म्हणून. मग रोज सकाळी नळ असा अलगद उघडला की तुमच्या हातांकडे बघायला लागले."

"आणि सांगितलं नाहीस?"

"कुणाला सांगू? तुम्हाला? तुम्ही ऐकून घेतलंय कधी काही? पान्हा घेऊन आला असतात नळ आवळायला. तुमचा राग सोसण्यात माझा जन्म गेला, त्याची तक्रार नाही माझी. पण रागावणारं माणूसच उद्या खाटेवर पडलं तर मी काय भिंतीशी भांडू?"

पाणी वाहत होतं. बंद कर म्हणून तो ओरडला नाही.

सकाळी तो दवाखान्याच्या बाकावर बसला होता, बिनचहाचा, त्यामुळे दुप्पट चिडलेला. बायको शेजारी, पण तोंड दुसरीकडे. रक्त काढणाऱ्या मुलीने त्याच्या दंडाला रबरी पट्टी बांधली.

"सुई सरळ धर. कामात असा तिरकेपणा चालत नाही."

"हो काका. मूठ आवळा."

त्याने आवळली.

"अजून जरा आवळा ना."

पक्कडने बायकोकडे पाहिलं. तीही आता त्याच्याकडेच बघत होती.

"एवढीच आहे," तो त्या मुलीवर खेकसला. "यातच काय ते काढ."